टाकी कोरडी पाहिजे

आमच्या कूलरच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक भाडं नंतर विचारायचं. आधी विचारायचं, बिल किती येईल? तेलुगू माणूस म्हणे, "बिल्लु एंत वस्तुंदक्का?" बाजारातले मुसलमान व्यापारी म्हणत, "बाजी, करंट का बिल कित्ता आएगा?" आणि आपली मराठी माणसं आधी कूलरभोवती एक चक्कर मारत, पत्र्यावर टिचकी वाजवून बघत, आणि मग शेजाऱ्यासाठी विचारतोय अशा आवाजात म्हणत, "नाई, म्हन्जे, करंट किती खाते हा?" आदिलाबादच्या उन्हाळ्यात गारवा सगळ्यांनाच हवा असतो आणि बिलाची धडकीही सगळ्यांनाच भरते. त्या धडकीवर माझा संसार चालला, हे मी कशाला लपवू?

दुकान आम्हा दोघांचं. आमचे हे मागच्या शेडात पत्रा कापून कूलर बनवत आणि मी पुढे बसून भाड्याचं बघत असे. एकदा एक गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "तुमचे मालक पत्रा कापते अन् तुमी खिसा कापता." मी म्हटलं, "खिसा करंट ऑफिस कापते भाऊ. किती कापन, ते मी आधी सांगते फक्त." त्या सांगण्यावर लोकांचा विश्वास बसला, ही माझी खरी कमाई. ज्या घरात पाहुण्यालासुद्धा ओसरीच्या आत घेत नसत, तिथं मला थेट झोपायच्या खोलीपर्यंत नेत, का तर शोभाताईला छत बघायचं आहे.

अंदाज कसा काढायचा ते बाहेरच्यांसाठी सांगते. प्रत्येक मशीनच्या पाठीवर एक पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. हजार वॅटचं मशीन तासभर चाललं की एक युनिट झालं. पंखा दिवसभर फिरून जेमतेम युनिटभर खातो. कूलर त्याच्या दुप्पट-तिप्पट. एसी म्हणजे पहिल्या सणाला आलेला जावई, त्याचं पोट भरलंय की नाही ते विचारायची सोय नाही. पण गंमत अशी, की एसीसुद्धा सतत खात नाही. खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे आतलं खरं राबणारं यंत्र, थांबतं. खोली तापली की परत चालू. ते किती वेळ थांबेल हे पट्टीवर लिहिलेलं नसतं, ते घरावर असतं. छत पत्र्याचं की स्लॅबचं, खिडकी मावळतीला की उत्तरेला, दार उघडं टाकून जाणारी माणसं किती. आणि बिल सरळ चढत नाही, पायऱ्यांनी चढतं. पहिली युनिटं स्वस्त, वरची महाग. म्हणून घर बघितल्याशिवाय मी एसीचा आकडा तोंडातून काढत नसे.

घरी गेलं की सगळे दिवे-पंखे बंद करायला लावायचे, फक्त मशीन चालू ठेवायचं, आणि मीटरच्या काचेपुढं उभं राहायचं. तेव्हा मीटरमध्ये पत्र्याची चकती फिरायची, तिच्यावर एक लाल खूण असे. ती खूण किती वेळानं परत समोर येते, त्यावरून घर काय खातंय ते कळायचं. "शोभाताई नाडी पाहून राह्यली, गप बसा," असं म्हणून लोक पोरांना दटावत.

कधी कधी 'घेऊ नका' असंही सांगावं लागे. गुडीहत्नूरच्या एका शिंप्याचं दुकान पत्र्याचं होतं, वर ना झाड ना सावली. मी म्हटलं, "भाऊ, इथं एसी म्हन्जे चाळणीत पाणी भरनं हाय. पत्र्यावर चुना मारा, कूलर ठेवा." त्याला वाटलं मी त्याची ऐपत काढली. परत कधी माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. खरं सांगून गिऱ्हाईक जातं, त्याची चुटपुट मला अजून लागते.

तर एसी आमच्याकडे एकच होता, आणि तोही चाकांचा. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातून यांनी उचलला आणि ट्रकवाल्यानं इचोड्याच्या ढाब्यावर उतरवून दिला. कमरेएवढा डबा, खाली चार चाकं, मागं हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप. पुढून गार हवा, मागच्या सोंडेतून गरम. खोलीतली उष्णता उचलायची आणि सोंडेनं खिडकीबाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. हे करता करता तो हवेतला ओलावाही ओढतो आणि त्याचं पाणी पोटातल्या टाकीत जमा होतं. टाकी भरली की लाल दिवा लागतो आणि मशीन आपोआप बंद पडतं. पण आमच्या मे महिन्यात हवेत ओलावा असतोच कुठे? इथे ओला टॉवेल झटकून होईतो वाळतो. आठवडा आठवडा टाकी कोरडी राहायची.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते इचोड्याचे एक शेठ. मुलीच्या लग्नात, उघड्या मंडपात, त्यांना स्टेजवर एसी हवा होता. मी समजावलं, उघड्यावर काही गार होत नाही. शेठ म्हणाले, "ठंडा हो न हो शोभाबाई, दिखना चाहिए!" लावला. सोंड स्टेजच्या पडद्यामागे सोडली. थोड्या वेळानं पडद्यामागून नवरदेवाचे दोन मामा घामाघूम होऊन बाहेर आले. सावली बघून त्यांच्या खुर्च्या तिथेच मांडल्या होत्या. "आमाले बोलावून भट्टीत बसवलं!" म्हणून त्यांनी जो काही गोंधळ घातला! मानपानाचं प्रकरण, अक्षता राहिल्या बाजूला. मी गुपचूप सोंड उचलली आणि आचाऱ्याच्या बाजूला वळवली. तिथं आधीच भट्टी पेटलेली होती, फरक कोणाला कळलाच नाही.

पण हे लिहायला बसले ती मावला गावच्या भोयर सरांच्या घरासाठी.

भोयर सर हायस्कुलात गणित शिकवत. होळी झाली होती, ऊन चढायला लागलं होतं. सर दुकानात आले आणि चाकांच्या एसीसमोर नुसतेच उभे राहिले. मी म्हटलं, "सर, लग्न आहे का घरात?"

"नाही ताई. आमच्या मुक्ताला घाम येत नाही."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. आपलं अंग तापलं की घाम येतो, त्याला वारा लागला की अंग गार होतं. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीच्या अंगात जन्मापासून ती सोयच नाही. ऊन वाढलं की तिचं अंग तव्यासारखं तापे, ताप चढे, एकदा तर झटके आले होते. डॉक्टर म्हणाले होते, औषध नाही, गारव्यात ठेवा. म्हणून दर उन्हाळ्यात पोरीला बंगळूरला मामाकडे पाठवत. आई बँकेत, वडील शाळेत, दोघांनाही तिच्याबरोबर तीन-तीन महिने राहता येत नव्हतं.

"मागच्या वर्षी परत आली, तर आईला 'तुम्ही' म्हणाली," सर म्हणाले. "वैशाली रडली नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली. आता मेहुणे म्हणून राह्यले, कायमचीच इकडे ठेवा, इथल्या शाळेत नाव टाकू. तिकीट काढून ठेवलंय. पण त्याच्या आधी एकदा तुम्हाला विचारावं म्हटलं. मशीनचं मी बघतो, ताई. दर महिन्याचं बिल झेपेल का, तेवढं सांगा. झेपत असेल तर पोर घरी राहील."

आजवर अंदाज चुकला तर गिऱ्हाईक रुसत असे, इतकंच. इथे माझ्या आकड्यावर एका लेकराचं घर ठरणार होतं.

मशीन घेऊन मावल्याला गेले. घर बरं होतं. वर स्लॅब, खोलीची खिडकी उत्तरेला. झरोक्यात प्लायवूड बसवून सोंड बाहेर काढली आणि चकतीपुढं उभी राहिले. मुक्ता माझ्या बाजूला येऊन तीही चकती बघत बसली. केस विरळ, डोळे मोठे, बोलायला चुरूचुरू. "मावशी, हे लाल काय शोधून राह्यलं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबाचा पगार." सरांना हसू आलं, तेवढंच त्या दिवशी.

मी सांगितलं, "आत्ताच्या बिलाच्या तिपटीच्या आत बसेल."

वैशालीताईंनी सरांकडे पाहिलं. "तिप्पट झेपेल," त्या म्हणाल्या. "चौपट नाही झेपणार."

मशीन आधी भाड्यानं, आजमावून बघण्यापुरतं घ्यायचं ठरलं. कोपऱ्यात सरांच्या आई बसल्या होत्या, गिरजाआजी. जवळच्या खेड्यातल्या, खणखणीत आवाजाच्या. मुक्ता घरी असली आणि ऊन तापलं, की खिडकीला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर दिवसभर पाणी मारायचं, गादीवर ओली चादर घालायची, हे सगळं आजवर या बाईनं केलं होतं. त्या एसीकडे बघून म्हणाल्या, "हा डब्बा काय करन? लेकरू म्या जगवलं हाय." मी हसून सोडून दिलं.

आठवडा उलटला असेल. ऐन दुपारी सर स्कूटरवरून आले. पेपर तपासायच्या कामातून उठून आले होते, बोटांना लाल शाई तशीच.

"ताई, अंदाज चुकला."

मीटरचा आकडा चौपटीच्याही पुढे धावत होता, ते एक. पण खरं वाईट वेगळंच होतं. आदल्या दुपारी मशीन मधेच बंद पडलं आणि मुक्ताला ताप चढला. दवाखान्यात नेऊन आणलं होतं. "परवाचं तिकीट आहे. नेतोच तिला आता," सर म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "बंद पडलं तेव्हा लाल दिवा होता का?"

"होता. संध्याकाळी वैशालीनं मागून बादलीभर पाणी काढलं, मग सुरू झालं."

"बादलीभर?"

"बादलीभर. काऊन?"

आदिलाबादेत, भर उन्हाळ्यात, हवेतून बादलीभर पाणी? मी दुकान यांच्यावर टाकलं आणि सरांच्या स्कूटरवर मागे बसले. मला दारात सोडून सर पेपरांकडे परत गेले. वैशालीताई बँकेत होत्या. घरात आजी आणि मुक्ता, दोघीच.

खोलीत शिरले आणि वाळ्याच्या वासानं मन कसं प्रसन्न झालं! आणि मग डोकंच धरलं. खिडकी चार बोटं उघडी. तिच्यावर वाळ्याचा पडदा, निथळत असलेला. दारात त्यांनी पूर्वी आमच्याच दुकानातून नेलेला जुना कूलर फुल स्पीडवर. मधोमध एसी धापा टाकत उभा. आणि आजी हातात तांब्या घेऊन पडद्यावर पाणी मारत होत्या.

"आजी, हे काय?"

"काय म्हन्जे? लेकराले गार पाह्यजे ना?"

"खिडकी काऊन उघडी?"

"अवं, खिडकी बंद केली तं हवा कोंडते. कूलर देला तवा तूच तं सांगलं व्हतं मले, आजी खिडकी उघडी ठेवजा म्हून!"

सांगितलं होतं, खरंच. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. कूलरला वाहती हवा लागते, पाणी लागतं, उघडी खिडकी लागते. त्यावर आमच्या गावानं किती उन्हाळे काढले. एसीला नेमकं उलटं लागतं, हे आजींना सांगणार कोण? घरात सगळ्यांना वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

मी कूलर बंद केला, खिडकी लावली, पडदा सोडून बाहेर ठेवला. आजींचा पारा चढला. "मंग म्या काय करू? हात बांधून बसू? डब्ब्याच्या भरोशावर लेकरू टाकू?" त्या रागात रागापेक्षा भीती जास्त होती. आदल्या दिवशी पोरीचं तापलेलं अंग त्यांच्याच मांडीवर होतं.

मी मशीनची मागची टाकी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. निम्म्यावर भरलेली. आजींनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं. परत बुडवलं.

"हे तं वाळ्याचं पानी हाय," त्या म्हणाल्या. "माह्यंच पानी."

"तुमचंच. तुमी टाकता, तो ओढते. तुमी परत टाकता, तो परत ओढते. दोघं दिवसभर राबून राह्यले आजी, अन् गारवा कोनालेच मिळून नाई राह्यला. मंग टाकी भरते अन् तो बंद पडते."

आजी खाली बसल्या. मुक्तानं चित्राची वही बाजूला ठेवली आणि त्यांच्या गळ्यात हात टाकला. दार लावून आम्ही तिघी तशाच बसलो. हळूहळू खोली गार व्हायला लागली. आणि मग एकदम मशीनची घरघर थांबली, नुसता पंख्याचा बारीक आवाज राहिला.

"बंद पडलं?" मुक्ता घाबरून म्हणाली.

"नाही गं. पोट भरलं त्याचं."

बाहेर जाऊन मीटर पाहिलं. ती लाल खूण किती वेळ आलीच नाही. आजींनी मुक्ताच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पाठीला. "गार हाय माय," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

एवढ्यात करंट गेला. आमच्याकडे त्या काळात दुपारचा कट ठरलेलाच असे. पंखा थांबला, दिवा गेला. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता तुमची पाळी, आजी."

अशी उठली ती बाई! खिडकी उघडली, पडदा बांधला, तांब्या भरला. म्हातारपण कुठच्या कुठे गेलं. ठरलं मग आमचं: करंट असला की डबा, करंट गेला की आजी. करंट आल्याबरोबर खिडकी बंद, पडदा बाहेर.

संध्याकाळी सरांना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. खिडकीला फट होती, असं काहीतरी. सूनबाईंसमोर आजींची मान खाली जायला नको. पण सर दारात येतात न येतात, तोच आजी म्हणाल्या, "म्या उलटं करून राह्यली व्हती. ते तिकीट फाड आता."

सरांनी फाडलं नाही. मास्तर माणूस, स्टेशनवर जाऊन रीतसर रद्द करून आले. वैशालीताई मात्र त्या दिवशी रडल्या, मुक्ताला इतकं आवळून की ती ओरडली, "आई, सोड ना गं!"

त्या उन्हाळ्यात रोज दुपारी दुकानातला फोन वाजायचा. "मावशी, टाकी कोरडी हाय!" एवढंच बोलून मुक्ता फोन ठेवायची. बिल आलं ते तिपटीच्या आत. वैशालीताई बिल आणि पेढे घेऊन दुकानात आल्या. करंट बिल आलं म्हणून पेढे वाटणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. पुढे तो एसी त्यांनी आमच्याकडून विकतच घेतला. हे म्हणाले, आता लग्नाला काय देणार? मी म्हटलं, मामा लोकांचं कल्याण झालं म्हणा.

गिरजाआजी पुढे काही वर्षांनी गेल्या, थंडीच्या दिवसांत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. बिल पुन्हा वाढलं होतं. टाकीत पाणी दिसत होतं.

मी गेले. मुक्ता आता माझ्या खांद्याला लागत होती. खिडकी घट्ट बंद, कूलर कधीचा माळ्यावर, दाराखाली पट्टी लावलेली. सगळं मी शिकवलं तसं. फक्त बंद खिडकीवर आतून वाळ्याचा पडदा बांधलेला, ओलसर, आणि खाली आजींचा तांब्या.

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "खिडकी बंद आहे मावशी. थोडंच शिंपडते. टाकी मी रोज रिकामी करते, मशीन बंद पडू देत नाही."

"पण काऊन गं?"

"कोरड्या वाळ्याला वासच येत नाही," ती म्हणाली. मग खाली बघून, "आजी दुपारी असाच वास घेऊन माझ्याजवळ येऊन बसायची."

सर दारात उभे होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी बाहेर मीटरपाशी गेले, ते मागे आले. चकती फिरत होती, लाल खूण जरा लवकर लवकर येत होती. इतक्या वर्षांत किती घरांपुढं अशी उभी राहिले असेन, पण त्या दिवशी मला आकडा सांगायला वेळ लागला. देवानं या कामाला लावलं म्हणून मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले. मग मी सरांना नवा अंदाज सांगितला. त्यात ते तांब्याभर पाणी धरलं.

"झेपेल का, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "झेपेल ताई," ते म्हणाले. "तेवढं झेपेल."